प्रागमधली दिघी

'पुण्यात कुठे राहतेस?' या प्रश्नाला माझ्याकडे तीन उत्तरं तयार असतात. एफसी रोडच्या कॅफेत कुणी विचारलं, तर 'विश्रांतवाडीच्या पुढे'. पिंपरी-चिंचवडमधल्या कुणी विचारलं, तर 'भोसरीच्या बाजूला'. रिक्षावाल्याला मात्र खरं सांगावंच लागतं. 'दिघी' म्हटलं की तो मीटरकडे न बघता आकडा सांगतो. परतीचं भाडं मिळत नाही म्हणे!

तर, याच दिघीत राहणाऱ्या, पगारी नोकरी नसलेल्या, लेखामागे मिळणाऱ्या मानधनावर गुजराण करणाऱ्या मुलीनं सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपात एक महिना काढला. एकाच शहरात. एक लाख अठ्ठ्याऐंशी हजारांत. 'कसं काय जमवलंस?' हे मला इतक्या जणांनी विचारलंय, की एकदाच सविस्तर लिहून टाकते. हिशेबाची वही समोर आहे. बाबांनी ती जपून ठेवलीय, का ते शेवटी सांगते.

एकच शहर का?

आमच्या सोसायटीतली एक मैत्रीण ऑफिसच्या ग्रुपबरोबर बारा दिवसांत सात देश करून आली. फोटो सॉलिड आहेत. पण त्यातलं कुठलं चर्च कुठल्या देशातलं, हे विचारलं की ती मोबाईलवर तारीख बघते. मी तिची चेष्टा करत नाहीये हं. सोबत आई-वडील असतील आणि रजा मोजून दोन आठवडे असेल, तर रोज रात्री वरण-भाताची खात्री असलेली बस हीच योग्य. पण माझ्याकडे उलटी परिस्थिती होती. वेळ भरपूर, पैसे मोजके.

वहीत आकडेमोड करताना एक गोष्ट लक्षात आली. प्रवासात सगळ्यात महाग असतं ते जागा बदलणं. दर दोन दिवसांनी नवं हॉटेल म्हणजे रोजच्या भावानं भाडं. बॅग आहे म्हणून टॅक्सी. गाव अनोळखी म्हणून चौकातल्या पहिल्याच हॉटेलात डबल बिल. तेच महिन्याच्या बोलीवर एक खोली घेतली की भाडं उतरतं, स्वयंपाकघर मिळतं आणि बस-मेट्रोचा महिन्याचा पास काढता येतो. मग खांद्यावर एक सॅक टाकून आजूबाजूची गावं करायची आणि रात्री 'आपल्या' घरी झोपायला यायचं. आपण नाही का, मावशीकडे कोल्हापूरला मुक्काम टाकून पन्हाळा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर करत? तोच फंडा.

प्राग ठरण्याचं पहिलं कारण पैशाचं. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आहे, पण तिथं युरो चालत नाही, कोरुना चालतो. तेव्हा एक कोरुना साधारण तीन रुपये सत्तर पैशांना पडत होता. पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅमपेक्षा सगळंच आवाक्यात. दुसरं, शहर युरोपच्या मधोमध, त्यामुळे रेल्वे चारी दिशांना. आणि तिसरं कारण चाकण! माझा मावसभाऊ तिथं गाडीचे पार्ट बनवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत आहे. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, तेव्हा तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी होती स्कोडाची फाबिया. आज तिथं कुशाक आणि स्लाविया बनतात. स्कोडाचं मूळ गाव म्लादा बोलेस्लाव प्रागपासून बसनं तासाभरावर. दादाच्या तोंडी ते नाव मी दहा वर्षं ऐकतेय, पण त्याला स्वतःला ते बघायला मिळालेलं नाही. 'जातेच आहेस तर तिथला गेटचा फोटो काढून आण,' त्यानं ऑर्डर सोडली.

परत येणार कशावरून?

आता टेन्शनचा भाग. शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, त्यामुळे महिनाभराचा मुक्काम हा काही गुन्हा नाही. अनेक देशांत फिरणार असाल, तर जिथं सगळ्यात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. किमान तीस हजार युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा सक्तीचा. माझा आळस इथं महागात पडला. ११ जून २०२४ पासून व्हिसाची फी ८० वरून ९० युरो झाली आणि मी अर्ज केला त्यानंतर. दहा युरो म्हणजे तिथलं दोन वेळचं जेवण!

पण खरा अडथळा फीचा नव्हताच. तुमच्यासारख्या ऑफिसवाल्यांना ही गंमत कळणार नाही. तुमच्याकडे सॅलरी स्लिप असते, फॉर्म सोळा असतो, 'यांची रजा मंजूर केली आहे' असं एचआरचं पत्र असतं. ते पत्र खरं म्हणजे रजेचं नसतंच. ही व्यक्ती परत येणार, तिची खुर्ची इथं तिची वाट बघतेय, याचा तो पुरावा असतो. माझी खुर्ची आमच्या हॉलमध्ये खिडकीजवळ आहे. प्लास्टिकची. ती माझी वाट बघतेय हे लेटरहेडवर कोण लिहून देणार?

मी फाईल जमवायला लागले. तीन वर्षांचे इन्कमटॅक्स रिटर्न्स. बँकेचं स्टेटमेंट, ज्यात कधी एकदम चाळीस हजार येतात आणि मग दोन महिने काहीच येत नाही. छापून आलेल्या लेखांची कात्रणं. एका संपादकांनी 'अहो, तुम्ही आमच्या पेरोलवर नाही, आम्ही कसं लिहून देणार?' म्हणून हात झटकले. त्यांचंही चुकलं असं नाही. दुसऱ्या एका बाईंनी मात्र दिवाळी अंकाचा लेख ऑक्टोबरमध्ये माझ्याकडून यायचा आहे, असं स्वच्छ पत्र दिलं. त्या लेखाचं मानधन तीन हजार होतं, पण पत्राची किंमत मी कधीच करू शकणार नाही.

उरला राहत्या जागेचा दाखला. तो द्यायचा सोसायटीच्या चेअरमन काकांनी. आणि नेमकी तेव्हा पालखी! माउलींची पालखी आळंदीहून निघाली की दिघीवरूनच पुण्याकडे जाते. त्या दिवशी आमच्या भागात कुणीही घरात नसतं. काका आळंदी रोडवर वारकऱ्यांना चहा वाटत होते. मीही फाईल घेऊन तिथंच उभी राहिले. समोरून दिंड्या चालल्या होत्या आणि माझ्या मनात भलतंच येत होतं. इतकी माणसं घर सोडून पंढरपूरला निघालीत, त्यांना कुणी परत येण्याचा पुरावा मागत नाही. काकांनी चहाची किटली माझ्या हातात दिली, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली आणि म्हणाले, 'शिक्का संध्याकाळी. आधी चहा वाट.'

कव्हरिंग लेटर लिहायला बसले तेव्हा 'भारताशी असलेले बंध' या मुद्द्याखाली काय लिहायचं ते सुचेना. लग्न झालेलं नाही, फ्लॅट बाबांच्या नावावर, नोकरी नाही. बाबा दिघीतल्याच संरक्षण खात्याच्या एका आस्थापनेतून निवृत्त झालेत. सरकारी मसुदे लिहिण्यात हयात गेलेली. त्यांनी कागद ओढून घेतला आणि इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली. माझी मुलगी जन्मापासून या पत्त्यावर राहते, आणि प्रवास संपल्यावर ती याच पत्त्यावर परत येईल. खाली सही, तारीख. ज्या पत्त्याला मी आयुष्यभर 'विश्रांतवाडीच्या पुढे' म्हणत आले, तोच माझ्या फाईलमधला सगळ्यात भक्कम कागद निघाला.

हाये कुठं हाये?

व्हिसा मिळाला. मग खोली. जुन्या गावातल्या, चार्ल्स पुलाजवळच्या खोल्यांचे भाव बघून मी नकाशावर मेट्रोची रेघ धरून बाहेर बाहेर सरकत गेले. लाल रेघेच्या, म्हणजे सी लाईनच्या अगदी टोकाला एक स्टेशन दिसलं. स्पेलिंगवरून मी त्याला 'हाजे' म्हणत होते. चेक उच्चार निघाला 'हाये'! आमच्या आजीनं फोनवर विचारलं, 'हाये कुठं हाये?' त्यानंतर आठवडाभर घरात दुसरा विनोद नव्हता.

हायेला एका सत्तरीच्या बाईंच्या फ्लॅटमधली खोली महिन्याला साडेतेरा हजार कोरुनांना मिळाली, म्हणजे पन्नास हजार रुपये. स्वयंपाकघर वापरायची मुभा, वॉशिंग मशीन आठवड्यातून दोनदा. तुम्ही अशी खोली घेतलीत तर एक गोष्ट आधीच विचारून घ्या. चेक प्रजासत्ताकात पोचल्यावर कामाच्या तीन दिवसांत परदेशी नागरिकांच्या पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेल किंवा घरमालक ती करत असेल तर प्रश्न नाही, नाहीतर आपल्याला खेटा घालावा लागतो. माझ्या बाईंनी स्वतःच केली.

विमानतळावरून बस, मग हिरव्या रेघेची मेट्रो, मुझेउम स्टेशनला बदलून लाल रेघ. मुक्कामाचा पहिला धडा इथंच मिळाला. प्रागच्या मेट्रोत अडवणारी फाटकं नाहीत. तिकीट पंच करायचं आणि आत जायचं, मधूनच तपासनीस येतो आणि मग दंडाला माफी नाही. मी पहिले दोन दिवस सुटी तिकिटं काढण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी 'लीताच्का' नावाचं कार्ड काढलं. ३० दिवसांचा पास ५५० कोरुना, दोन हजार रुपये. मेट्रो, ट्राम, बस सगळं त्यात. नंतरचे दिवस मी गरज नसतानाही ट्रामनं हिंडले.

आणि हाये? स्टेशनच्या पायऱ्या चढून वर आले आणि हसायलाच आलं. समोर बारा-बारा मजल्यांच्या एकसारख्या इमारती! काँक्रीटच्या तयार भिंती क्रेननं उचलून एकमेकींना जोडलेल्या. 'पानेलाक' म्हणतात त्यांना. समाजवादी राजवटीत, १९७० च्या दशकापासून, शहराच्या दक्षिण कडेला ही वसाहत उभी राहिली. जवळजवळ ऐंशी हजार माणसं राहतात. १९८० मध्ये मेट्रो इथपर्यंत आली तेव्हा स्टेशनचं नाव होतं 'कॉस्मोनॉट्स'. बाहेर दोन अंतराळवीरांचा पुतळा अजून आहे. त्यातला एक व्लादिमीर रेमेक, १९७८ मध्ये अंतराळात गेलेला चेक माणूस. सोव्हिएत नाही आणि अमेरिकन नाही असा पहिलाच. आपले राकेश शर्मा १९८४ मध्ये सोव्हिएतांच्या ज्या कार्यक्रमातून गेले, त्याच कार्यक्रमातून.

घरमालकीण बाईंना इंग्रजी येत नव्हतं. चेक भाषेत बाईंना आदरानं 'पानी' म्हणतात, त्यामुळे पहिले काही दिवस मी त्यांना हाक मारली की मलाच तहान लागायची. आमचं बोलणं मोबाईलच्या भाषांतरावर चालायचं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी चहा केला, खिडकीतून दिसणाऱ्या इमारतींकडे हात केला आणि फोनवर काहीतरी बोलल्या. स्क्रीनवर आलं, 'माफ करा. हे काही प्राग नाही. हे हाये आहे.'

मी दोन मिनिटं गप्पच बसले. हे वाक्य मला पाठ होतं, फक्त गावाचं नाव वेगळं.

मग त्यांनी विचारलं, भारतात कुठे? मी म्हटलं, दिघी. पुढे नाही, बाजूला नाही, नुसतं दिघी. त्यांनी नकाशा उघडून शोधायला लावलं. टेकडी दिसली, आळंदी रोड दिसला, आमची गल्ली दिसली. 'टेकडीवर काय आहे?' दत्ताचं देऊळ आहे, सकाळी लोक फिरायला जातात, बाबाही जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला हायेच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. वीसेक मिनिटं चाललं की झाडीत होस्तिवार्झचं धरण आहे. काठाकाठानं पानी पुढे, मी मागे. सप्टेंबर असूनही एक आजोबा पोहत होते.

टोकाला राहण्याची सवय आपल्याला फार कामाला येते, हे मला तिथं कळलं. शेवटची गाडी कधी, सकाळच्या गर्दीत कुठल्या डब्यात जागा मिळते, परतताना दूध-ब्रेड कुठून घ्यायचा, हे डोक्यात आपोआप बसतं. उपनगरातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. शहराचं मध्यवर्ती वैभव बघायला मी रोज सकाळी नऊला 'कामावर' जायची आणि संध्याकाळी आज्या बसलेल्या बाकांवरून घरी यायची. चौथ्या दिवसापासून त्या आज्या मान हलवायला लागल्या.

खाण्याचं थोडक्यात. दुपारचं जेवण बाहेर, कारण आठवड्याच्या कामाच्या दिवसांत अकरा ते दोन या वेळेत बहुतेक हॉटेलांत ऑफिसवाल्यांसाठी स्वस्त ताट असतं. तेव्हा दीडशे-पावणेदोनशे कोरुनांत पोट भरायचं. शाकाहाऱ्यांची पंचाईत होते, पण 'स्माझेनी सीर' म्हणजे तळलेलं चीज सगळीकडे मिळतं. आठवड्यात चारदा खाल्लं की त्याचं नाव काढवत नाही, तो भाग वेगळा. रात्री खोलीवर खिचडी. आलं, मिरची, कोथिंबीर व्हिएतनामी लोकांच्या दुकानात मिळते आणि अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत. नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं. कार्ड स्वाइप करताना मशीननं 'रुपयांत की कोरुनांत?' विचारलं तर कोरुनाच निवडा. रुपयांच्या मोहापायी मी पहिल्याच आठवड्यात सातशे रुपये घालवले.

बोलेस्लाव, बाटा आणि पाऊस

म्लादा बोलेस्लावला आधी गेले. तिथल्या म्युझियमला दादासाठी दोन तास द्यायचे ठरवले होते, चार दिले. १८९५ मध्ये क्लेमेंट नावाचा एक पुस्तकविक्रेता आणि लाउरिन नावाचा एक मेकॅनिक एकत्र आले. गोष्ट अशी सांगतात, की क्लेमेंटची जर्मन सायकल बिघडली, त्यानं कंपनीला चेक भाषेत तक्रार लिहिली, तर उत्तर आलं की आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. पठ्ठ्यानं सायकलीच बनवायला घेतल्या. त्या सायकलींचं नाव 'स्लाविया'. मी तिथूनच दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो शिफ्टवर होता, तरी बाहेर आला. सायकल बघून बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, 'जरा वेल्डिंग जवळून दाखव.'

दुसरी ट्रिप ठरली होती झ्लीनची. झ्लीन म्हणजे बाटाचं गाव. हो, आपला शाळेचे काळे बूट विकणारा बाटा! मला कॉलेजपर्यंत तो बंगाली वाटायचा. ती तिकिटं होती १४ सप्टेंबरची, आणि नेमका त्याच वीकेंडला मध्य युरोपात प्रचंड पाऊस झाला. देशाच्या पूर्वेकडे, मोरावियात, गावंच्या गावं पाण्याखाली गेली, रेल्वे बंद पडल्या. प्रागमध्ये व्ल्तावा नदी फुगली. पुराचे दरवाजे बंद झाले. २००२ च्या ऑगस्टमध्ये याच नदीनं मेट्रोत पाणी घातलं होतं, त्यानंतर शहरानं हलवता येणाऱ्या पूरभिंतींवर पैसा ओतला. माझा पासपोर्ट व्हिसा लागून आला त्याच आठवड्यात, २५ जुलैला, मुठेच्या पाण्यानं सिंहगड रोडवरच्या सोसायट्यांतली लोकं रात्रीत बेघर झाली होती. मी पुलावर उभी राहून ते तपकिरी पाणी बघत होते आणि पर्यटकासारखं काही वाटत नव्हतं. पानींनी घरी टीव्हीसमोर बसवून ठेवलं, दोन दिवस आम्ही नुसत्या बातम्या बघितल्या.

सात देशांच्या टूरमध्ये हे दोन दिवस बुडाले असते. मी तिकीट दहा दिवसांनी पुढे ढकललं, इतकंच. झ्लीन चार तासांवर आहे, म्हणून एक रात्र हॉस्टेलवर काढली. लाल विटांची एकसारखी कामगारघरं बघून मला पिंपरीची एचए कॉलनी आठवत राहिली. तिथं १९३८ ची सोळा मजली ऑफिस इमारत आहे आणि तिच्यात मालकाचं ऑफिस चक्क लिफ्टमध्ये! सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, आत टेबल, फोन, हात धुवायला बेसिन. साहेब मजल्यामजल्यावर स्वतःच्या खुर्चीसकट येणार. तुमचा बॉस असा आला तर? त्या यान बाटाला १९३९ मध्येच देश सोडावा लागला.

कुत्ना होराला अर्ध्या दिवसात जाऊन आले. हजारो माणसांच्या हाडांची सजावट असलेलं चर्च तिथं आहे, आणि आत फोटो काढायला बंदी आहे हे मला फार आवडलं. ड्रेस्डेनला मात्र पासपोर्ट न विसरता न्या. शेंगेनमध्ये सीमा नाहीत असं आपण ऐकतो, पण जर्मनीनं १६ सप्टेंबरपासून सगळ्याच जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली होती. गाडीत पोलिस आले आणि माझ्या शेजारच्या मुलाला, पासपोर्ट खोलीवर ठेवून आल्यामुळे, पुढच्या स्टेशनवर उतरवलं. ड्रेस्डेनमध्ये एल्बेवरच्या कारोला पुलाचा एक भाग ११ तारखेच्या पहाटे कोसळला होता, तो तसाच नदीत पडलेला दिसला. ट्राम जायची त्यावरून. कुणाला काही झालं नाही, कारण त्या क्षणी वर कुणी नव्हतं.

२९ सप्टेंबरला, निघायच्या आदल्या दिवशी, मी हायेच्या प्लॅटफॉर्मवर उभी असताना बाबांचा मेसेज आला. 'स्वारगेटपर्यंत मेट्रो सुरू झाली.' आणि खाली दुसरा, 'दिघीला नाही.'

हिशेब वहीतून उतरवून देते. विमान ५८ हजार. व्हिसा, सेंटरची फी आणि विमा मिळून १३. खोली ५०. पास २. खाणं ३३. बाहेरगावच्या ट्रिपा १८. म्युझियमची तिकिटं, सिम कार्ड, ते गेलेले सातशे आणि किरकोळ, १४. महिन्याची रजा मिळत नसेल तर दोन आठवड्यांतही हे जमतं, फक्त खोलीचं भाडं तितकं उतरत नाही. आणि परदेशात बसून काम करायचा विचार असेल तर तो टुरिस्ट व्हिसावर करू नका. मी चार लेख आधीच लिहून ठेवले होते.

पानींचे मेसेज अजून येतात. थंडीत धरणावर बर्फ धरला की फोटो पाठवतात, मी दत्तगडाच्या पायऱ्यांचा पाठवते. बाबांचा पासपोर्ट गेल्या महिन्यात आला. बासष्टाव्या वर्षी, पहिलाच. ती वही त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवलीय आणि माझ्या आकड्यांपुढे पेन्सिलीनं स्वतःचे आकडे लिहायला सुरुवात केलीय. खाण्याच्या खर्चापुढे प्रश्नचिन्ह आहे, आईनं दिलेले लाडू बॅगेत किती मावतील यावर ते अवलंबून आहे. काल रात्री जेवताना एकदम विचारलं, 'तुझ्या त्या हायेला शेवटची गाडी किती वाजता असते गं?'